दौलताबाद (देवगिरी) : किल्ल्यातील राजवाड्यांचे अवशेष

दौलताबाद हे छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्यातील मध्ययुगीन राजधानीचे ठिकाण आहे. जुने नाव देवगिरी. संभाजीनगर शहराच्या वायव्येस सुमारे १५ किमी. अंतरावर, खुलदाबाद-वेरूळच्या रस्त्यालगत, सपाट रानातून एकाएकी वर आलेला सुमारे २०० मी. उंचीचा शंकूच्या आकाराचा डोंगर म्हणजे देवगिरीचा बालेकिल्ला. डोंगराच्या पायथ्याशी अंबरकोट, महाकोट आणि काळाकोट असे एकात एक तीन कोट असून त्यांनी वेढलेल्या भूमीत आणि डोंगराच्या चढावर निरनिराळ्या राजवटींनी बांधलेल्या वाड्यांचे, महालांचे, हमामखान्यांचे व हौदांचे अवशेष विखुरलेले आहेत. किल्ल्याचे क्षेत्र सुमारे ९५ हेक्टर आहे. यादव, खलजी, तुघलक, बहमनी, निजामशाही आणि मोगल अशा सहा सत्तांनी हे स्थळ कधी राजधानी, कधी उपराजधानी, तर कधी खजिन्याची व कैद्यांची जागा म्हणून वापरले. एवढ्या राजवटींचे थर एकाच डोंगराभोवती साचलेले स्थळ महाराष्ट्रात दुसरे नाही.

देवगिरीची ख्याती तिच्या संरक्षणव्यवस्थेमुळे आहे आणि ती योग्यच आहे. तासून उभा केलेला कातळ, खडकात खोदलेला खंदक आणि ‘अंधारी’ नावाचे भुयार यांना भारतीय दुर्गरचनेत तोड नाही. मात्र या कीर्तीखाली तिथले राजवाडे झाकले गेले आहेत. पायथ्याच्या दरवाजातून आत शिरलेला प्रवासी बहुधा थेट अंधारीकडे आणि तिथून माथ्याकडे धाव घेतो. काळाकोटातील पडक्या महालांच्या भिंती वाटेवर असूनही त्याच्या नजरेतून निसटतात. राजधानी म्हणून हे स्थळ समजून घ्यायचे तर त्या भिंतींपाशीच थांबावे लागते.

देवगिरीची स्थापना यादव राजा पाचवा भिल्लम याने बाराव्या शतकाच्या अखेरीस, इ.स. ११८७ च्या सुमारास केली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. कल्याणीच्या चालुक्यांची सत्ता ढासळत असताना सेऊणदेशाचे हे मांडलिक घराणे स्वतंत्र झाले आणि त्याने आपले ठाणे या डोंगरापाशी आणले. वेरूळच्या लेण्यांचा प्रदेश, गोदावरीकाठचे पैठण आणि खानदेशाकडे उतरणारे घाट यांच्यामधली ही मोक्याची जागा होती. जैत्रपाळ, सिंघण, कृष्ण, महादेव आणि रामचंद्र या राजांच्या काळात देवगिरी दख्खनेतील सर्वांत संपन्न नगरांपैकी एक झाली. सिंघणाच्या दरबारी असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ लिहिला. महादेव व रामचंद्र यांचा श्रीकरणाधिप (राजलेखांचा मुख्य अधिकारी) हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत याने ‘चतुर्वर्गचिंतामणी’ रचला. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस ज्या राजाचा आदराने उल्लेख येतो, तो हाच रामचंद्र. यादवकालीन मराठीत या नगराला ‘कटक’ असेही म्हणत. पुढे चौदाव्या शतकात आलेल्या मोरोक्कोच्या इब्न बतूता या प्रवाशानेही शहराच्या एका भागाचे नाव ‘कटक’ असेच नोंदवले आहे.

इतक्या वैभवशाली घराण्याचा राजवाडा मात्र आज उभा नाही. यादवांचा म्हणून खात्रीने दाखवता येईल असा एकही महाल किल्ल्यात शिल्लक नाही. बालेकिल्ल्यावरील बारादरी या मोगलकालीन महालाच्या जागी यादव राण्यांचा वाडा होता असे परंपरा सांगते. यादवांची खूण सापडते ती दगडात. तटात, दरवाजांच्या चौकटीत, मशिदीच्या दालनात जागोजाग कोरीव खांब, उलट्या बसवलेल्या शिळा, देवळांच्या तुळया आणि नक्षीचे तुकडे चिणलेले दिसतात. खंदकाच्या परिसरातील खडकात काही अर्धवट खोदलेली लेणीही आहेत. वेरूळच्या अखेरच्या लेण्यांशी त्यांचे नाते जुळते आणि किल्ला होण्यापूर्वीही या डोंगरावर टाकीचे घाव पडत होते हे त्यांवरून कळते.

इ.स. १२९६ मध्ये अलाउद्दीन खलजीने देवगिरीवर अचानक हल्ला केला. तो तेव्हा सुलतानही नव्हता, दिल्लीच्या जलालुद्दीन खलजीचा पुतण्या आणि कडा प्रांताचा सुभेदार होता. रामचंद्रदेवाचे मुख्य सैन्य युवराज शंकरदेवाबरोबर दूर होते. राजा किल्ल्यात अडकला. घाईघाईने गडावर चढवलेल्या पोत्यांत धान्याऐवजी मीठ निघाले, अशी हकिकत पुढच्या बखरकारांनी दिली आहे. ती जशीच्या तशी खरी असो वा नसो, देवगिरीच्या पुढच्या सगळ्या इतिहासाचे मर्म तीत आहे. हा किल्ला पुन्हा पुन्हा पडला तो उपासमारीने, फितुरीने किंवा तहाने. बालेकिल्ल्याचा कातळ चढून कोणी तो जिंकल्याचे उदाहरण नाही. अलाउद्दीनाने येथून नेलेल्या अपार संपत्तीच्या बळावरच दिल्लीचे तख्त मिळवले. १३०७ मध्ये मलिक काफूरने रामचंद्रदेवाला दिल्लीला नेले. तिथून तो ‘रायरायान’ हा किताब घेऊन मांडलिक म्हणून परतला. त्याच्या मृत्यूनंतर शंकरदेव आणि त्यानंतर रामचंद्राचा जावई हरपाळदेव यांनी डोके वर काढण्याचा प्रयत्न केला. १३१८ मध्ये कुत्बुद्दीन मुबारकशाह खलजीने हरपाळदेवाला क्रूरपणे ठार मारले आणि यादवांचे राज्य संपले.

त्याच वर्षीची मानली जाणारी जामी मशीद ही किल्ल्यातील सर्वांत जुनी अखंड उभी इमारत होय. तिच्या प्रशस्त चौकाच्या पश्चिमेस खांबांच्या रांगांनी भरलेले दालन आहे. खांब शंभराहून अधिक आहेत आणि त्यांतील बरेच जुन्या मंदिरांचे आहेत. हैदराबाद संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झाल्यानंतर या दालनात भारतमातेची मूर्ती बसवण्यात आली. तेव्हापासून ही वास्तू ‘भारतमाता मंदिर’ म्हणून ओळखली जाते. राजवाडे शोधणाऱ्याने इथे थोडा वेळ घालवावा. यादवकालीन कोरीव काम सावकाश पाहता येईल अशी किल्ल्यातली ही सर्वांत सोयीची जागा आहे. खांबाचा चौरस तळ, अष्टकोनी मधला भाग आणि वरच्या हस्तावरची नक्षी यांवरून नाहीशा झालेल्या देवळांची कल्पना येते. त्याच हातांनी बांधलेल्या राजवाड्यांच्या वैभवाचा अंदाजही त्यावरूनच करावा लागतो.

मुहम्मद बिन तुघलकाने १३२७ मध्ये येथे राजधानी आणली आणि देवगिरीचे ‘दौलताबाद’ असे नामकरण केले. दिल्लीहून अमीर-उमराव, सूफी, विद्वान आणि कारागीर यांना इकडे यावे लागले. हा प्रयोग सुमारे आठ वर्षांत मोडला. बहुतेक दरबार परत गेला. जे राहिले त्यांनी मात्र या भागाचे रूप बदलले. खुलदाबादेत सूफी संत बुऱ्हानुद्दीन गरीब आणि कवी अमीर हसन सिज्झी यांच्या कबरी आहेत. दौलताबाद-खुलदाबाद रस्त्यावरच्या कागजीपुऱ्यात हातकागदाचा धंदा सुरू झाला, तोही याच स्थलांतरातून आल्याचे मानतात. तुघलकाचा दूत म्हणून चीनकडे निघालेला इब्न बतूता दौलताबादेत थांबला होता. त्याने शहराचे तीन भाग सांगितले आहेत : सुलतान व सैन्याचे दौलताबाद, दुसरे कटक आणि तिसरा खडकावरचा किल्ला. किल्ल्यावर चढायला चामड्याची शिडी होती आणि ती रात्री वर ओढून घेत, असे तो लिहितो. गायक-वादकांचा एक वेगळा बाजारही त्याने पाहिला. त्याचे नाव ‘तरबाबाद’. मधोमध गालिचे अंथरलेला घुमटाकार मंडप आणि तिथे गुरुवारी दुपारच्या नमाजानंतर बसणारा गायकांचा प्रमुख असे त्याचे चित्र त्याने रेखाटले आहे. शार्ङ्गदेवानंतर शंभर वर्षांनीही देवगिरीत गाणे नांदत होते. एरवी लढायांनीच भरलेल्या या स्थळाच्या हकिकतीत ही नोंद मोलाची वाटते.

१३४७ मध्ये दख्खनच्या अमिरांनी दिल्लीविरुद्ध बंड केले. अलाउद्दीन हसन बहमनशाह दौलताबादेतच सुलतान झाला. त्याने राजधानी गुलबर्ग्याला नेली, पण दौलताबादचे महत्त्व टिकले. पंधराव्या शतकाच्या मध्यास दुसऱ्या अलाउद्दीन अहमदशाह बहमनीच्या काळात उभारलेला चांदमिनार महाकोटाच्या आतील भागावर आजही अधिराज्य गाजवतो. गोल, चार मजली, मधल्या मजल्यांना सज्जांचे कठडे असलेला हा मनोरा विजयस्तंभ म्हणून बांधला गेला. त्यावरून टेहळणीही होत असावी. त्याच्या तळाशी छोटी मशीद आहे.

चांदमिनाराच्या परिसरातच दरबारी इमारतींचा एक समूह आहे. त्यातील ‘आम-खास’ ही सार्वजनिक भेटीची इमारत. तिच्या मध्यभागी मोठे दालन आहे. तिच्या आग्नेयेस रंगमहाल आहे. हा आयताकृती महाल खांबांच्या दालनांचा व खोल्यांचा असून त्याच्या लाकडी कामातील काही कोरीव भाग अजून टिकून आहेत. दौलताबादेत लाकूड पाहायला मिळणे ही दुर्मीळ गोष्ट आहे आणि त्यामुळेच रंगमहालाचे मोल मोठे. जवळचा शाही हमामखाना इतर महालांपेक्षा बऱ्या अवस्थेत आहे. गरम पाण्याचे, वाफेचे व अंग चोळून घेण्याचे वेगवेगळे कक्ष, टाक्या, पन्हळी, भिंतीतून नेलेले खापराचे नळ आणि छतातली प्रकाशाची झरोके-छिद्रे यांवरून तिथली व्यवस्था उमगते. हमाम टिकण्याचे कारण त्याच्या बांधणीत आहे. वाफ कोंडून ठेवण्यासाठी त्याच्या भिंती जाड, खिडक्या जवळजवळ नाहीत आणि छत लाकडाच्या पाटावर न टेकता चुन्यात बांधलेल्या घुमटांचे आहे. जे घर वारा-उजेडासाठी उघडे ठेवले ते पडले आणि जे बंदिस्त होते ते राहिले.

या सगळ्या वाड्यांना आणि कोटातल्या वस्तीला पाणी पुरवण्यासाठी डोंगररांगांतील तलावांतून खापराच्या नळांनी पाणी आणले जाई. प्रवेशद्वाराजवळची सरस्वती बारव आणि मशिदीनजीकचा हत्ती हौद या त्या व्यवस्थेच्या मोठ्या जागा. हत्ती हौद हा चौकोनी, दगडात बांधलेला, पायऱ्यांनी उतरता येणारा प्रचंड जलाशय आहे. काठावर उभे राहिले की कोटात किती माणसे, घोडे आणि हत्ती राहत असतील याचा अंदाज येतो.

महाकोटातून पुढे चढ लागतो आणि काळाकोटाचा दरवाजा येतो. तीन कोटांपैकी सर्वांत बाहेरचा अंबरकोट सामान्य वस्तीभोवती, मधला महाकोट दरबारी व लष्करी भागाभोवती आणि काळाकोट खुद्द राजनिवासाभोवती, अशी ढोबळ विभागणी करता येते. अंबरकोटाचे नाव निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याच्याशी जोडले जाते. वेरूळकडे जाणारा रस्ता आजही या कोटाच्या दिल्ली दरवाजाजवळून जातो आणि गाडीतून जाणाऱ्यालाही जुन्या शहराच्या विस्ताराची जाणीव होते.

काळाकोटातील चिनी महाल हा दौलताबादचा सर्वांत प्रसिद्ध पडका महाल. ही दुमजली इमारत असून दर्शनी भिंतीवर एकेकाळी निळ्या-पांढऱ्या व इतर रंगांच्या झिलईदार चिनी फरशा बसवलेल्या होत्या. महालाचे नाव त्यांवरूनच पडले. बहुतेक फरशा गळून पडल्या किंवा काढून नेल्या गेल्या. भिंतीच्या वरच्या भागात, हात पोचणार नाही अशा जागी, निळ्या रंगाचे थोडे तुकडे चिकटून आहेत. खाली जिथे फरशी निघाली आहे तिथे चुन्याच्या गिलाव्यावर तिचा चौकोनी ठसा तेवढा राहिला आहे. फरशांचे हे काम इराणी वळणाचे आहे. बीदरला बहमनी वजीर महमूद गवानने १४७२ मध्ये बांधलेल्या मदरशाच्या दर्शनी भागावर ते अधिक मोठ्या प्रमाणात पाहता येते. बीदर आणि दौलताबाद ही दोन्ही ठिकाणे लागोपाठ पाहिली, तर दख्खनच्या सुलतानी राजवाड्यांचा मूळ रंग कसा असेल ते डोळ्यांपुढे येते. आज काळाकभिन्न दिसणारा हा सगळा परिसर तेव्हा निळा, पांढरा आणि चुन्याने चकचकीत होता.

चिनी महालाचे नाव इतिहासात राहिले ते तुरुंग म्हणून. १६८७ मध्ये औरंगजेबाने गोवळकोंडा जिंकला आणि कुतुबशाहीचा अखेरचा सुलतान अबुल हसन तानाशाह याला दौलताबादेत आणून या महालात ठेवले. मृत्यूपर्यंत सुमारे बारा वर्षे तो येथेच होता. त्याची कबर खुलदाबादेत आहे. गोवळकोंड्याच्या सुलतानाला साजेशी जागा म्हणून महाल आणि पळून जाता येणार नाही म्हणून काळाकोट, असा दुहेरी विचार त्या निवडीमागे दिसतो. राजा नसलेल्या राजाला ठेवण्यासाठी देशात इतकी सोयीची जागा मोगलांना दुसरी क्वचितच सापडली असती.

चिनी महालाशेजारी एका गोल बुरुजावर ‘मेंढा तोफ’ आहे. तिच्या मागच्या टोकाला मेंढ्याचे तोंड असल्याने हे नाव पडले. तिच्यावरील फारसी लेखात तिचे नाव ‘किला-शिकन’, म्हणजे किल्ला फोडणारी, असे असून औरंगजेबाचे किताब कोरलेले आहेत. पंचधातूची ही तोफ खुंट्यावर फिरवता येई. बुरुजावरून खालचे तिन्ही कोट आणि त्यामधले महालांचे चौथरे एका नजरेत येतात. राजवाड्यांचा नकाशा समजण्यासाठी किल्ल्यात याहून चांगली जागा नाही.

चिनी महालाला लागूनच निजामशाही राजवाड्याचे विस्तीर्ण अवशेष आहेत. अहमदनगरच्या मलिक अहमद निजामशाहाने १४९९ मध्ये दौलताबाद घेतले, तेव्हापासून १६३३ पर्यंत ते निजामशाहीकडे होते. १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगर जिंकल्यावर मलिक अंबरने निजामशाही नावापुरती जिवंत ठेवली आणि काही काळाने तिची गादी दौलताबादेत आणली. हा राजवाडा म्हणजे एक इमारत नव्हे. दरवाजे, चौक, चौकांभोवतीची दालने, जिने आणि वरचे मजले यांचा तो गुंता आहे. छते जवळजवळ सर्वत्र गेली आहेत. भिंती दगडाच्या व विटांच्या, वर जाड चुन्याचा गिलावा. भिंतींत ठरावीक उंचीवर चौकोनी भोकांची रांग दिसते. ती लाकडी तुळयांची घरे. तुळया जिथे टेकत त्या रेषेवरून मजल्याची उंची मोजता येते. त्याच रेषेवर कोनाड्यांची ओळ अर्धवट लटकलेली दिसते, कारण वरच्या खोलीची जमीनच आता नाही. कमानींच्या खांद्यांवर गचकामात काढलेली वर्तुळाकार पदके आहेत. त्यांत फुलापानांची गुंतागुंतीची नक्षी आहे. पाऊस थेट न लागणाऱ्या जागी ही नक्षी काल पुरी केल्यासारखी धारदार आहे. ओला चुना वाळण्याआधी कारागिराने त्यात पात्याने पानांच्या शिरा ओढल्या, त्या अजून दिसतात. दुर्दैवाने हाताच्या उंचीवरच्या गिलाव्यावर अलीकडच्या प्रवाशांनी आपली नावे कोरली आहेत. चारशे वर्षांचा पाऊस सोसलेल्या नक्षीचे त्यातून झालेले नुकसान भरून निघणारे नाही.

निजामशाहीच्या अखेरच्या दशकात दौलताबादच्या दरबारात घडलेल्या घटना मराठ्यांच्या इतिहासाशी थेट जोडलेल्या आहेत. २५ जुलै १६२९ रोजी येथे निजामशाहाच्या दरबारात सिंदखेडचे लखुजी जाधवराव यांचा मुलगे व नातवासह विश्वासघाताने खून झाला. लखुजी हे जिजाबाईंचे वडील. सिंदखेडचे जाधव स्वतःला देवगिरीच्या यादवांचे वंशज मानत. म्हणजे ज्या नगरीचे धनी असल्याचा वारसा ते सांगत, तिथेच त्यांचा घात झाला. या खुनाने निजामशाहीतील मराठा सरदारांचा विश्वास उडाला आणि शहाजीराजेही तिच्यापासून दूर गेले. पुढे मलिक अंबरचा मुलगा फत्तेखान याने मुर्तजा निजामशाहाला ठार करून अल्पवयीन हुसेनला गादीवर बसवले. १६३३ मध्ये मोगल सेनापती महाबतखानाने वेढा घातला. सुरुंग लावून बाहेरचे कोट फोडण्यात आले. आतील अन्न संपले तेव्हा फत्तेखानाने किल्ला सोडला आणि हुसेन निजामशाहाची रवानगी ग्वाल्हेरच्या तुरुंगात झाली. या वेढ्याचे चित्र शाहजहानच्या ‘पादशाहनामा’च्या सचित्र हस्तलिखितात आहे. मुरार नावाच्या चित्रकाराने काढलेले हे चित्र सध्या इंग्लंडमधील विंडसर येथे आहे. त्यात डोंगर, कोट आणि आतल्या इमारती एकत्र दिसतात.

काळाकोटाच्या पलीकडे खंदक आहे. येथून पुढचा किल्ला माणसाने कातळ तासून घडवलेला आहे. डोंगराचा पायथा चहूबाजूंनी उभा कापल्यामुळे वर जाण्याची एकच वाट उरते. खंदकावरचा जुना दगडी पूल खालच्या पातळीवर आहे. पाणी चढवले की तो बुडत असे. आता वरून लोखंडी पूल आहे. पुलानंतर अंधारी लागते. खडकातील या वळणावळणाच्या भुयारी वाटेत उजेड दिसतो तिथे वाट नसते. त्या झरोक्याकडे धावलेला शत्रू खाली खंदकात पडावा, अशी योजना होती. वरच्या तोंडाशी लोखंडी झडप असे. तिच्यावर विस्तव पेटवून धूर खाली सोडण्यासाठी खडकात वाऱ्याची वाटही ठेवलेली होती. इब्न बतूताने चामड्याच्या शिडीची नोंद केली असल्यामुळे आजच्या रूपातील अंधारी त्यानंतरची असण्याची शक्यता आहे. अंधारीत वटवाघळे आहेत आणि पायऱ्या उंच व गुळगुळीत झालेल्या आहेत. विजेरी जवळ असावी.

अंधारीतून बाहेर आल्यावर गणपतीचे छोटे देऊळ लागते आणि पायऱ्यांच्या मोठ्या चढानंतर बारादरी. शाहजहान बादशहा १६३६ मध्ये दौलताबादेस आला होता. विजापूर आणि गोवळकोंडा यांच्यावर दबाव आणून त्याने त्या वर्षी तह घडवले. त्याच्या मुक्कामासाठी ही वास्तू उभारली गेली. कमानदार दालने, सपाट धाबे, पुढे अष्टकोनी सज्जा आणि मागे चौक अशी तिची रचना आहे. खालच्या राजवाड्यांच्या मानाने बारादरी पुष्कळ शाबूत आहे. छत वजनदार चुनेगच्ची असल्यामुळे आणि इथपर्यंत येऊन दगड-लाकूड उतरवून नेणे कठीण असल्यामुळे ती टिकली असावी. सज्जातून पूर्वेला संभाजीनगर शहर आणि खाली तिन्ही कोटांची वर्तुळे दिसतात. यादवांच्या राण्यांचा वाडा येथे होता या परंपरेला पुराव्याचा आधार नसला, तरी राजवाड्याला यापेक्षा सुरक्षित आणि हवेशीर जागा या डोंगरावर नव्हती, हे मान्य करावे लागते.

बारादरीच्या वर माथ्याजवळ एका गुहेत जनार्दनस्वामींच्या पादुका आहेत. जनार्दनस्वामी (१५०४–१५७५) हे निजामशाहीत देवगिरीचे किल्लेदार होते आणि पैठणच्या संत एकनाथांचे गुरू. लहान वयात पैठणहून चालत आलेल्या एकनाथांनी येथेच गुरूची सेवा केली. हिशेबातली एका पैची चूक शोधण्यासाठी त्यांनी जागवलेली रात्र याच गडावरची, असे वारकरी परंपरा सांगते. स्वामींच्या दत्तभक्तीमुळे गुरुवारी किल्ल्याचा कारभार बंद असे, असेही सांगतात. राजवाडे ओसाड झाले. ही गुहा मात्र वापरात राहिली आणि आजही भाविक केवळ तिच्यासाठी एवढा चढ चढून येतात. माथ्यावर पाण्याची टाकी आणि तोफांचे बुरूज आहेत.

दौलताबादचे राजवाडे का पडले, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या बांधणीत जितके आहे तितकेच राजकारणात आहे. मलिक अंबरने १६१० मध्ये जवळच खडकी हे नवे शहर वसवले. मोगलांनी दख्खनच्या सुभ्याचा कारभार तिकडेच नेला आणि औरंगजेबाच्या सुभेदारीत त्याचे औरंगाबाद झाले. राहण्याच्या सोयीची, सपाट आणि पाण्याची नगरी दोन तासांच्या घोडदौडीवर मिळाल्यावर उन्हात तापणाऱ्या डोंगराच्या कुशीत कोणी सुभेदार राहणार नव्हता. किल्ला शस्त्रे, खजिना आणि कैदी यांच्यापुरता उरला. तट-बुरूज प्रत्येक नव्या धन्याला हवे होते, म्हणून त्यांची डागडुजी होत राहिली. महालांची गरज कोणालाच नव्हती. लाकडी तुळया किडल्या, छते बसली, उघड्या भिंतींवर पाऊस आणि पिंपळ चढले. विजयनगरच्या राजवाड्यांचे हंपीत केवळ दगडी चौथरे उरले, त्यामागेही वरच्या लाकडी बांधकामाचा नाश हे एक कारण आहे. तिथे मात्र शहर जाळले गेले होते. इथे ते हळूहळू सोडून दिले गेले.

१७२४ नंतर दौलताबाद हैदराबादच्या निजामाकडे आले. १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी उदगीरच्या लढाईत निजामाचा पराभव केल्यावर तहानुसार ते मराठ्यांना मिळाले. काही वर्षांत ते पुन्हा निजामाकडे गेले आणि १९४८ पर्यंत तिथेच राहिले. सध्या किल्ला राष्ट्रीय महत्त्वाचे संरक्षित स्मारक असून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या अखत्यारीत आहे. महाकोटातील मातीखालून जुन्या वस्तीच्या भिंती, रस्ते व चौथरे मोकळे करण्याचे कामही झाले आहे.

दौलताबाद हे मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गावरील रेल्वे स्थानक आहे. संभाजीनगरहून वेरूळ-खुलदाबादकडे जाणाऱ्या एस.टी. बसही किल्ल्यापाशी थांबतात. पाऊस सरल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ भेटीस चांगला. सीताफळांच्या हंगामात पायथ्याशी आसपासच्या गावांतील विक्रेते टोपल्या घेऊन बसतात. उन्हाळ्यात दुपारी कातळ तापतो आणि चढ त्रासदायक होतो. वेरूळसह एका दिवसात किल्ला उरकण्याची पद्धत रूढ आहे. त्या घाईत माथा गाठला जातो, पण राजवाडे राहून जातात. म्हणून सकाळी लवकर येऊन, अंधारीकडे वळण्यापूर्वी किमान दीड-दोन तास हमामखाना, रंगमहाल, चिनी महाल आणि निजामशाही राजवाडा यांना द्यावेत. गिलाव्याला हात लावू नये, पडक्या भिंतींवर चढू नये आणि बरोबरच्या मुलांनाही चढू देऊ नये.